‘पाचशेच्या आत’ची यादी आणि भिंतीला घासणारी गाडी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की पुरवण्यांतून ‘पाचशे रुपयांच्या आतले गेम’ अशा याद्या येऊ लागतात. त्यांत मोटार शर्यतीचे दोन-तीन स्वस्त गेम हमखास असतात. सोबत एक चकचकीत चित्र, किंमत आणि पाचपैकी साडेतीन तारे. या तिन्हींवरून तो गेम घ्यावा की नाही हे कळत नाही, म्हणून हे पत्र. आर्केड शर्यत म्हणजे टायरचा दाब, इंधन आणि गिअरच्या गणिताच्या भानगडीत न पडता नुसती गाडी दामटायची. अशा गेमचे सगळे भांडवल एकच असते: बटण दाबल्यावर गाडी काय करते. नेमके तेवढेच छापील चित्रात दिसत नाही.

सेगाचा ‘आउटरन’ १९८६ साली आला तो नाणे टाकून खेळायच्या यंत्रावर. घड्याळ उलटे चालायचे, पुढच्या टप्प्याला वेळेत पोचलात तर जादा वेळ पदरात पडायचा, नाहीतर खेळ खलास, पुन्हा नाणे. तीन-चार मिनिटांत हौस पुरवायची आणि माणसाला उठवायचे, अशी त्या प्रकाराची घडण. घरी मात्र पैसे एकदाच मोजलेले असतात, आणि तीच तीन मिनिटे शंभर वेळा गोड लागावी लागतात. स्वस्त गेम अडखळतात ते इथे. पहिली शर्यत झकास वाटते, दहावीही अगदी पहिलीसारखीच असते, आणि अकरावी कोणी खेळत नाही.

तपासायला वेळ मिळतो, तो मात्र नीट वापरला पाहिजे. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला असेल तर पैसे परत मागता येतात. एपिक या तशाच दुसऱ्या दुकानातही साधारण हाच नियम आहे. गेम उघडा असतो तो सगळा वेळ या दोन तासांत धरला जातो. मेनूत रेंगाळणे, पहिल्यांदा चालू करताना शेडर (चित्र रंगवण्याच्या सूचना) तयार होईपर्यंत वाट बघणे, गेम तसाच सोडून चहाला उठणे, सगळे त्यातच. म्हणून कंट्रोलर जोडणे, ड्रायव्हर अद्ययावत करणे ही कामे गेम उघडण्याआधी उरकावीत. मोफत डेमो असेल तर आधी तोच खेळावा, त्याचा वेळ मूळ गेमच्या खात्यात पडत नाही. प्लेस्टेशनच्या दुकानाचा कायदा कडक आहे: डाउनलोड सुरू केले की, गेममध्येच खोट निघाल्याशिवाय, पैसे परत मिळण्याचा मार्ग बंद. तिथे निर्णय खरेदीआधीच व्हायला हवा.

दोन तास कशाला, चाळीस मिनिटे पुरतात. मात्र ती जिंकण्यात घालवायची नाहीत. पहिल्या शर्यतीत मुद्दाम वाईट चालवा. ट्रॅकवरचे सगळ्यात लांब वळण निवडा आणि ब्रेकला हात न लावता, पूर्ण वेगात, बाहेरच्या भिंतीला तिरके घासत ते पार करा. फेरीची वेळ लक्षात ठेवा. पुढच्या फेरीत तेच वळण ब्रेक लावून, आतली कड धरून नीट काढा. भिंतीला घासत गेलेली फेरी जलद निघाली, तर त्या गेममध्ये वळण घ्यायला शिकण्याचे काही कारणच उरत नाही. उलट टोकही तितकेच वाईट. काही गेममध्ये गाडी भिंतीला डिंकासारखी चिकटते, नाहीतर गर्रकन फिरून उलट्या दिशेला तोंड करते. बरा गेम मधला रस्ता काढतो: ताशी १८० वरून काटा १२०-१३० वर येतो, गाडीचे नाक आपणहून रस्त्याकडे वळते, आणि दोन-एक सेकंदांत गाडी सावरते. शिक्षा होते, पण शर्यत हातची जात नाही.

मग ड्रिफ्ट, म्हणजे मागची चाके घसरवत वळण काढणे. बहुतेक आर्केड गेममध्ये अॅक्सिलरेटर दाबलेला ठेवून ब्रेकला नुसती टिचकी मारली किंवा हँडब्रेक ओढला की गाडी घसरू लागते. इथे डोळे गाडीच्या मागच्या भागावर ठेवा. मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि नाक वळणाच्या आत रोखलेले राहते, असे दिसले तर त्यावर कोणीतरी मेहनत घेतली आहे. गाडी स्वतःच्या पोटाभोवती भोवऱ्यासारखी फिरत असेल, तर गेमच्या इंजिनसोबत तयार मिळणारे वाहनाचे गणित जवळपास जसेच्या तसे वापरलेले असण्याची शक्यता दाट. त्याची दुसरी खूण म्हणजे रस्त्यातल्या सांध्यावर किंवा फुटपाथच्या कडेवर गाडी विनाकारण उसळते, कधी एका चाकावर उभी राहते. हे पुढच्या अपडेटमध्ये सुधारेल अशी आशा धरू नये. गाडीचे वागणे बदलले की प्रत्येक ट्रॅकच्या वेळा आणि प्रतिस्पर्ध्यांचा वेग पुन्हा बसवावा लागतो, आणि छोट्या चमूला ते क्वचितच परवडते.

तिसरी परीक्षा प्रतिस्पर्ध्यांची. पहिल्या फेरीच्या मध्यावर गाडी थांबवा, मनात पाच अंक मोजा, मग निघा. एका फेरीत तुम्ही पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलात तर पुढच्या गाड्या तुमच्यासाठी थांबल्या होत्या. आता दुसरी शर्यत चुका न करता चालवा. मागच्याशी अंतर कधीच दोन सेकंदांच्या वर जात नसेल तर ते तुम्हाला दोरीने बांधलेले आहेत. या रबरी दोरीचा थोडा उपयोग असतो, नाहीतर नवखा माणूस पहिल्याच वळणानंतर एकटा पडेल. क्रायटेरियनच्या २००४ च्या ‘बर्नआउट ३’मध्येही प्रतिस्पर्धी असेच पाठ सोडत नाहीत, पण तिथे त्यांना ठोकून बाद करणे हाच खेळ असल्याने ते शोभते. नुसत्या शर्यतीच्या गेममध्ये दोरी घट्ट असेल तर शेवटची तीस सेकंदे तेवढी खरी, आधीची पाच मिनिटे वरात.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रे येतात, याबद्दल पुरवण्यांत लिहिले जाते, पण तो का महत्त्वाचा हे सांगितले जात नाही. ताशी २०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर कापते. सेकंदाला ३० चित्रे मिळाली तर प्रत्येक चित्रागणिक गाडी जवळपास १.८५ मीटर पुढे उडी मारते. ६० मिळाली तर पाऊण-एक मीटर. वळणाचा कोपरा डोळ्याला केव्हा कळतो, यात फरक पडतो तो असा. मात्र कधी ६० तर कधी ३८ अशी धरसोड करण्यापेक्षा ३० वर स्थिर चालणारा गेम हाताला लवकर बसतो. सेटिंगमध्ये मर्यादा घालण्याची सोय असेल तर आपल्या लॅपटॉपला झेपेल त्या आकड्यावर ती घालून टाकावी.

लॅपटॉपचे म्हणाल तर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात ग्राफिक्सचे काम मुख्य रॅममधूनच चालते. ८ जीबीची एकच पट्टी असेल आणि दुसरी खाच रिकामी असेल, तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी घातल्याने गेमच्या वेगात डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. पाचशेचे तीन गेम घेण्यापेक्षा पुष्कळांच्या बाबतीत हा खर्च सार्थकी लागेल. चार्जर लावूनच खेळावे, बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप वेग आवरता घेतात. आणि मुंबईच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची पहिल्या दहा मिनिटांतली कामगिरी अजिबात खरी मानू नये. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. चाचणी तिसऱ्या-चौथ्या शर्यतीत करावी. तोवर सुरळीत चाललेला गेम तिथे अडखळू लागला, तर दोष गेमचा नव्हे, गादीचा.

स्वस्त रेसिंग गेमला विनाकारण शिव्या खाव्या लागतात त्या कीबोर्डमुळे. बटण एकतर दाबलेले असते किंवा नसते, स्टिअरिंगमध्ये मधले काही नाही. चांगला गेम हे ओळखून चाके हळूहळू वळवतो आणि वेग जास्त असताना वळण्याचा कोन कमी करतो. सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असताना डाव्या बाणाला एकच हलकी टिचकी मारा. गाडी अर्धी मार्गिका सरकली तर ठीक. या कडेची त्या कडेला गेली तर हा गेम कीबोर्डसाठी बसवलेलाच नाही.

दुसरी गोष्ट कीबोर्डच्या पोटातली. स्वस्त कीबोर्डमध्ये काही तीन बटणे एकत्र दाबली तर तिसरे पोचतच नाही. वरचा बाण, डावा बाण आणि स्पेस ही बऱ्याच कीबोर्डांवर अडणारी त्रयी, आणि दुर्दैवाने हीच बहुतेक गेमची मूळ मांडणी: वेग, वळण, हँडब्रेक. मग ‘डावीकडे ड्रिफ्टच होत नाही, उजवीकडे होतो’ अशी तक्रार होते. उपाय फुकट आहे. हँडब्रेक स्पेसवरून काढून डाव्या कंट्रोलवर द्या. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांचे जोडकाम सहसा वेगळे असल्याने ती अडत नाहीत. शिफ्टवर देणार असाल तर आधी विंडोजमधील स्टिकी कीज बंद करा, नाहीतर पाच वेळा शिफ्ट दाबले की ऐन वळणावर खिडकी उघडते. ज्या गेममध्ये बटणे बदलता येतच नाहीत, तो इथेच बाद करावा. एकाच कीबोर्डवर दोघे खेळणार असतील तर ही अडचण दुप्पट होते, तेव्हा निदान एकाच्या हाती गेमपॅड हवा.

गेमपॅड लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतात आणि आर्केड शर्यतीला पुरतातही. पण दुकानातच एक गोष्ट विचारा: एक्सइनपुट पद्धत (पॅडने विंडोजशी बोलण्याची नवी पद्धत) आहे का? जुन्या डायरेक्टइनपुट पद्धतीत काही गेमना मागची दोन्ही ट्रिगरे एकाच अक्षावर दिसतात, एक अधिक आणि एक उणे. दोन्ही एकत्र दाबली की बेरीज शून्य. अॅक्सिलरेटर न सोडता ब्रेकची टिचकी मारायची, हीच ज्या गेममधली मुख्य युक्ती, तिथे गाडी नुसती गळाठते. बऱ्याच पॅडवर मधले बटण काही सेकंद दाबून धरले की पद्धत बदलते. विंडोजच्या ‘रन’ खिडकीत joy.cpl (जॉय डॉट सीपीएल) टाकले की पॅडची चाचणी उघडते. अंगठ्याने हलवायची काडी सोडल्यावर खिडकीतली फुली मध्यावर परत येते का ते पाहावे. येत नसेल तर गेममध्ये डेडझोन, म्हणजे काडीची जेवढी हालचाल गेमने दुर्लक्षित करायची ती, १० ते १५ टक्के ठेवावा. डेडझोनची सोय नसलेल्या गेममध्ये अशा पॅडवर गाडी कायम एका बाजूला ओढते, आणि माणूस गेममधल्या गाडीच्या गणिताला बोल लावतो.

टीव्हीवर खेळणाऱ्यांनी टीव्हीचा गेम मोड (चित्रावरची जादा प्रक्रिया टाळून उशीर कमी करणारी सेटिंग) चालू करावा. गाडी उशिरा वळते असे वाटले तर मेनूत जाऊन बाण दाबून बघा. मेनूही सुस्त असेल तर उशीर टीव्हीचा. मेनू चपळ आणि गाडीच जड असेल तर गेमचा. ब्लूटूथ हेडफोनवर इंजिनाचा आवाज मागून येतो, त्याचा राग गेमवर काढू नये.

आता ट्रॅक मोजायचे कसे. दुकानाच्या पानावर ‘३० ट्रॅक’ लिहिलेले असते. उघडून बघावे तर जागा पाच: समुद्रकिनारा, वाळवंट, बर्फ, शहर, जंगल. प्रत्येक जागेचे तीन नकाशे आणि प्रत्येक नकाशा सुलटा नि उलटा. पाच गुणिले तीन गुणिले दोन, झाले तीस. उलटा ट्रॅक फसवणूक आहे असे नाही. चढाचा उतार होतो, आंधळे वळण उघडे होते, काही वेळा तो सुलट्यापेक्षा रंगतो. पण मोजताना पंधराच मोजावेत. मग करिअरचा, म्हणजे एकट्याने एकेक चषक जिंकत पुढे जायच्या खेळाचा, हिशेब मांडा. दहा चषक, प्रत्येकात चार शर्यती, शर्यतीला तीन फेऱ्या, फेरीला दीड मिनिट: एकूण १८० मिनिटे, म्हणजे तीन तास. पानावर ‘१५ तासांचा खेळ’ असेल तर उरलेले बारा तास कुठून आले? बहुधा पैशांच्या घासाघाशीतून. पहिला क्रमांक आला की हजार नाणी, पुढची गाडी बारा हजारांची, म्हणजे साडेचार मिनिटांची शर्यत बारा वेळा, चोपन्न मिनिटे, एका गाडीसाठी. आणि ती गाडी घेतल्यावर फक्त काटा वर सरकला, वागणे तेच राहिले, तर ती चोपन्न मिनिटे पाण्यात.

दुकानाच्या पानावरचे अभिप्राय वाचताना टक्केवारीपेक्षा अभिप्राय देणाऱ्याचे तास बघा. अर्ध्या तासात अंगठा वर करणाऱ्याने जेमतेम पहिला चषक पुरा केलेला असतो. पाच-सहा तास खेळून अंगठा खाली केलेले चार अभिप्राय शोधा, त्यांतली तक्रार सहसा नेमकी असते. ट्रेलरमध्ये वेगाचा काटा आणि क्रमांक दाखवणारी खरी खेळाची दृश्ये किती सेकंद आहेत, हेही मोजण्यासारखे. कॅमेरा सारखा गाडीभोवती घिरट्या घालत असेल तर काहीतरी लपवायचे आहे.

ऑनलाइन शर्यतीच्या भरवशावर स्वस्त गेम घेऊच नये. स्टीमडीबी या स्टीमवरच्या गेमची आकडेवारी देणाऱ्या संकेतस्थळावर गेल्या चोवीस तासांत एका वेळी जास्तीत जास्त किती जण खेळत होते ते दिसते. आकडा दोन अंकी असेल तर रात्री दहाला मुंबईतून खोली उघडून बसलात तरी कोणी येणार नाही. याहून गंभीर बाब म्हणजे एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागते का. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ डिसेंबर २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळणे अशक्य झाले. खऱ्या गाड्यांची नावे असलेल्या गेमचे आणखी एक: परवान्यांची मुदत संपली की विक्री थांबते. ‘फोर्झा होरायझन ४’ १५ डिसेंबर २०२४ ला दुकानातून उतरवला गेला, पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांना तो खेळता येतो. बिननावाच्या गाड्यांचे स्वस्त गेम या बाबतीत उलट सुखी. ब्राझीलच्या आक्वीरिस या चमूचा २०१८ चा ‘होरायझन चेस टर्बो’ अशा बिननावाच्या गाड्यांचाच होता: चित्रांत काटकसर, गाडीच्या हाताळणीत नाही.

किमतीबद्दल थोडेच. ४९९ रुपयांच्या नव्या स्वस्त गेमची स्पर्धा दुसऱ्या स्वस्त गेमशी नसते. ती असते सवलतीत आलेल्या जुन्या मोठ्या गेमशी, आणि ‘बर्नआउट पॅराडाइज’ची २०१८ ची सुधारित आवृत्ती मोठ्या सवलतीत वारंवार मिळते. स्टीमडीबीवर प्रत्येक गेमची आजवरची सर्वांत कमी किंमत दिसते. आजची किंमत तिच्या दुप्पट असेल तर पुढच्या सेलपर्यंत थांबावे. घेतल्यावर लगेच सेल लागला तर स्टीमच्या नियमात बसेल तोवर परत करून कमी दरात पुन्हा घेता येतो, स्टीम त्याला गैरवापर मानत नाही. बाहेरच्या संकेतस्थळांवरून स्वस्त ‘की’ (गेम चालू करण्याचा कोड) घेतली तर स्टीमकडून परतावा नाही, आणि ती दुसऱ्या देशापुरती बांधलेली निघाली तर चालूच होत नाही. जुनी डिस्क घेताना ती प्रकाशात धरून ओरखडे बघावेत, खोक्यात डिस्कच आहे की नुसता कोडचा कागद ते बघावे. प्लेस्टेशन ४ ची डिस्क कुठल्याही देशाची चालते, पण जादा गाड्यांचे पॅक डिस्कच्या प्रदेशाच्या दुकानातूनच घ्यावे लागते. बिल मागावेच, दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आपल्या पुरवणीकडे मागणे एवढेच. तारे छापा हवे तर, पण त्यांच्याखाली एक ओळ द्या: गेम कोणत्या यंत्रावर, कीबोर्डवर की पॅडवर आणि किती तास खेळून हे लिहिले, वेगवेगळे ट्रॅक प्रत्यक्षात किती, इंटरनेटशिवाय चालतो का, आणि एका पडद्यावर दोघांना खेळता येते का. शेवटचे विसरू नका. सुट्टीत भावंडे जमतात, पॅड दोन असतात आणि पडदा एकच. पडदा दुभागला की तेच दृश्य दोनदा काढावे लागते, आणि एकट्याला ६० चित्रे देणारा लॅपटॉप दोघांना ३० सुद्धा देईल की नाही, हे घेण्याआधी कळलेले बरे.

आपला,
एक नियमित वाचक
दादर (पश्चिम), मुंबई